तानपुरा उशिरा वाजतो: मिरजेच्या माहितीपटाच्या संकलन नोंदी

९ जून

रशेस, म्हणजे चित्रीकरणाचा कच्चा माल, सांगलीत आले. दोन कॅमेरे, ४के, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. एकूण ११ तास ४० मिनिटं. विषय एकच: मिरजेतल्या एका कारखान्यात भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो. फिल्म २२ मिनिटांची करायची आहे, म्हणजे साधारण बत्तीसास एक असं प्रमाण. कारखाना जेमतेम दहा बाय बाराचा, कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही, त्यामुळे मिड शॉट भरपूर आणि वाइड फार कमी. पुढे याचा त्रास होणार.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सिंक लावून घेतला. मूळ कार्डांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी प्रत दुसऱ्या घरी. १०८० ची प्रॉक्सी (कामापुरती हलकी प्रत) काढून डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू.

११ जून

लॉगशीटला नेहमीचे रकाने आहेतच (क्लिप, टाइमकोड, शॉटचा आकार, काय घडतं). या फिल्मसाठी दोन रकाने वाढवले.

पहिला: जवारीची, म्हणजे तारेच्या झणझणत्या खुल्या नादाची, स्थिती. बंद, अर्धी, खुली. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीने घासत आणताना तारेचा आवाज दर पाच-दहा मिनिटांनी बदलतो. संकलनात चित्र सकाळचं आणि आवाज संध्याकाळचा लावणं सहज घडतं. सर्वसाधारण प्रेक्षकाला कळणार नाही, पण मिरजेत ही फिल्म दाखवली की पहिल्या रांगेत बसलेल्याला लगेच कळेल. तारेखाली अजून दोरा सरकवलेला नाही आणि आवाज मात्र खुलून आलाय, हे त्याच्या कानाला खोटं लागणार. म्हणून तार वाजते त्या प्रत्येक क्लिपला हा शेरा लावला.

दुसरा: चेहरा कशाकडे बघतोय. हाताकडे, माणसाकडे, कॅमेऱ्याकडे की कशाकडेच नाही. या शेवटच्या प्रकारातले शॉट थोडेच आहेत आणि सगळ्यात मौल्यवान तेच आहेत.

१४ जून

पहिली जुळणी ५८ मिनिटांची. क्रम कामाचाच ठेवला: वाळलेला भोपळा, भिजवणं, कापणं, आतून खरवडणं, गळा, तबकडी, दांडी, नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा, घोडी, जवारी. समजायला स्वच्छ आणि बघायला कंटाळवाणी. सगळे टप्पे एकाच वजनाचे वाटतात आणि पुढे काय होईल याची उत्सुकता कुठेच लागत नाही. ‘हे कसं करतात’ याचं उत्तर मिळतं, ‘हे जमेल का’ हा प्रश्न मात्र पडत नाही. तो प्रश्न प्रत्यक्षात एकाच ठिकाणी आहे, जवारीत. बाकी सगळं मोजून होतं, जवारी ऐकून होते. फिल्मचा तोल तिकडे गेला पाहिजे.

१८ जून

आज दिवसभर एकच शॉट. क्लिप क्रमांक २१४, कारागीर चाचांचा क्लोजअप, ३८ सेकंद. चौकटीबाहेर त्यांचा हात तार छेडतोय, चेहरा पूर्ण कोरा, नजर समोरच्या भिंतीच्या अलीकडे कुठेतरी ठरलेली. ओठ हलत नाहीत. आवाज बंद करून पाहिलं तर माणूस कमालीचा खिन्न वाटतो.

हा शॉट तीन जागी लावून पाहिला. चेहऱ्याच्या त्याच नऊ सेकंदांना हात लावला नाही, फक्त पुढचा शॉट बदलला.

एक: चेहरा, मग गल्लीतलं अर्धं ओढलेलं शटर. लगेच अर्थ तयार: धंदा बसलाय, म्हातारा हताश आहे. कुणी एक शब्द न बोलता.

दोन: चेहरा, मग गिऱ्हाईक तयार तानपुरा खोळीत घालून नेतंय. आता तोच चेहरा लेक सासरी निघालेल्या बापाचा.

तीन: तारेखालचा दोरा केसभर सरकतो, मग चेहरा, मग पुन्हा दोरा. आता माणूस ऐकतोय. खिन्नता कुठल्या कुठे गेली, राहिली फक्त एकाग्रता.

सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हचा १९२० च्या आसपासचा प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात सांगतात: मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, आणि लोकांनी त्याच्या अभिनयाची तारीफ केली. त्याची मूळ फिल्म आज बघायला मिळत नाही, त्याचा शिष्य पुडोव्हकिनच्या लिखाणातून वर्णन उरलंय. सांगताना एक गोष्ट राहून जाते. तिथे चेहरा नटाचा होता, त्याच्यावर कुठलीही भावना चिकटवली तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. इथला माणूस याच गल्लीत राहणार आहे. पहिल्या क्रमाने फिल्मला फुकटात करुणा मिळते आणि त्याच्या नावावर त्याला न झालेलं दुःख चढतं. शटरचा शॉट तर रविवारचा आहे.

तिसरा क्रम ठेवला. सोय म्हणून नाही. तो खराही आहे आणि तिन्हींत जास्त धरून ठेवणाराही. दुःख दाखवलं की प्रेक्षक हळहळून मोकळा होतो. ऐकणारा माणूस दाखवला की प्रेक्षक स्वतः ऐकायला लागतो, आणि या फिल्मला नेमकं तेच हवंय.

१९ जून

२१४ चे नऊ सेकंद नेमके कुठले? सुरुवात: नजर ठरते त्यानंतर तीन फ्रेम. नजर फिरत असताना आत शिरलं तर प्रेक्षक ती कुठे चालली ते शोधत बसतो. शेवट पापणीवर. पापणी मिटून उघडायला इथे सहा फ्रेम लागतात. मिटण्याआधी कट केला तर विचार तोडल्यासारखा वाटतो. पूर्ण उघडल्यावर दोन फ्रेमनी केला तर त्याचं काहीतरी ठरलं, असं वाटतं, आणि पुढचा शॉट हात पुन्हा कानशीकडे जाण्याचा असल्याने ते बरोबर बसतं. आठ फ्रेम उशिरा केला तर नुसता थकवा दिसतो. सेकंदाच्या एक चतुर्थांशात माणूस ठाम होतो किंवा दमतो.

२३ जून

घोडी घासण्याचा प्रसंग. दोन अडचणी, दोन्ही वेगळ्या जातीच्या.

पहिली अक्षाची, म्हणजे कॅमेऱ्यांनी ओलांडू नये त्या काल्पनिक रेषेची. जागा लहान असल्याने दुसरा कॅमेरा चाचांच्या पाठीमागून फिरून डाव्या बाजूला गेलाय. एका कॅमेऱ्यात कानस डावीकडून उजवीकडे जाते, दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे. थेट जोडलं की दोन माणसं समोरासमोर बसून एकच घोडी घासतायत असं दिसतं. शॉट आडवा उलटवणं हा उपाय नव्हे: चाचा डावखुरे होतात आणि मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं उलटी दिसतात. उपाय म्हणजे मध्ये असा शॉट घालायचा ज्याला डावी-उजवी बाजूच नाही. आमच्याकडे घोडीवरून खाली पडणाऱ्या भुकटीचा वरून घेतलेला शॉट आहे. तो ३० फ्रेम टिकला तरी पुरतो. तेवढ्यात प्रेक्षक आधीची दिशा सोडून देतो.

संकलक वॉल्टर मर्चचे कटचे सहा निकष आहेत. त्यात भावनेला ५१ टक्के आणि त्रिमितीय जागेच्या सलगतेला अवघे ४. कथापटासाठी ते पटतं. हातकामाच्या फिल्ममध्ये जागेला इतकं स्वस्त करून चालत नाही. कानस कुठल्या दिशेला जोर लावते आणि कुठल्या दिशेला नुसती परत येते, हाच तर प्रेक्षकाला शिकायचा भाग. दिशा हरवली की कौशल्य दिसत नाही, नुसती धावपळ दिसते.

दुसरी अडचण लयीची. पहिल्या मसुद्यात शॉटची लांबी उतरती ठेवली होती: ४८ फ्रेम, ३६, २४, १६, १२, ८. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने ज्याला मापाचं मोंटाज म्हटलं तो हाच प्रकार: आत काय चाललंय याची फिकीर न करता लांबी मापाने कमी करायची, ताण आपोआप चढतो. चढलाही. पण काय दिसलं? चाचा घाईत आहेत, कुणीतरी घड्याळ लावून बसलंय.

रशेस पुन्हा पाहिले. प्रत्यक्षात बरोबर उलटं घडतं. सुरुवातीला घोडी जाड असते तेव्हा वीस-पंचवीस हात सलग चालतात, मग एकदा तार लावून ऐकतात. माथ्याचा बाक जमत येतो तसे हात कमी होतात, ऐकणं वाढतं. शेवटी एक हात कानशीचा, अर्धा मिनिट ऐकणं, मग पॉलिश पेपरचा नुसता स्पर्श. घासण्यात एक हात जास्त झाला तर माथा खाली बसतो आणि मग सगळा माथा पुन्हा नव्याने घासावा लागतो. म्हणजे ताण वाढतो तसं काम मंदावतं.

म्हणून लांबी उलटी केली: १२ फ्रेम, १६, २४, ४०, ७५, १५०, आणि शेवटचा शॉट ३०० फ्रेम, सलग बारा सेकंद. पहिल्या दोन-तीन कटना ढोबळ घासण्याचा खरखरीत ठेका आहे, नंतर कट दिसेनासे होतात. ताण कमी न होता वाढला. कारण आता प्रत्येक कट म्हणजे ‘अजून नाही’ असा अर्थ झालाय आणि कट येत नाही तोवर प्रेक्षक श्वास धरून आहे. झटपट कापलं म्हणजे उत्कंठा, हे समीकरण पाठलागाच्या दृश्यांमधून आलंय. ते सगळीकडे चिकटवायचं कारण नाही.

२४ जून

कानशीच्या हालचालीवरचा जोड: मिडमधून क्लोजअपमध्ये जाताना हालचाल फ्रेमला फ्रेम जुळवली की झटका बसतो. क्लोजअपमध्ये कानस दोन फ्रेम मागून, म्हणजे थोडी हालचाल पुन्हा दाखवून सुरू केली की गुळगुळीत होतं. नव्या आकाराशी जमवून घ्यायला डोळ्याला तेवढा वेळ लागतो. क्लोजअपमधून मिडकडे परतताना याची गरज पडली नाही.

२७ जून

भोपळ्याचे टप्पे. पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळून हलके झालेले असतात. ते भिजवायचे, कापायचे, तोंडाचा आकार राहावा म्हणून आतून काड्यांचे टेकू द्यायचे, आणि वाळले की गळा बसवायचा. एकाच भोपळ्याचा हा सगळा प्रवास कॅमेऱ्यात नाही. चित्रीकरणाच्या दिवशी ज्या टप्प्यावर जो होता तो टिपलाय. तीन वेगवेगळे भोपळे आहेत.

तिन्ही शॉट एकाच उंचीवरून, भोपळा चौकटीच्या मध्यावर, प्रत्येकी ३५ फ्रेम. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं) नको, साधे कट. एकच भोपळा डोळ्यांसमोर तानपुरा होत गेल्यासारखा वाटतो. बॅटलशिप पोटेमकिनमधले (१९२५) दगडी सिंह असेच उठतात: झोपलेला, मान वर केलेला, उभा राहिलेला, तीन वेगळे पुतळे. आणि आपल्याकडे फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधीच वाटाण्याचा वेल एकेक फ्रेम टिपत वाढवून दाखवला होता. तिथे मात्र वेल एकच होता, हा फरक आहे.

मग २१४ च्या बाबतीत इतका काटेकोरपणा आणि इथे तीन भोपळ्यांचा एक केला तर चालतं? चालतं, असं आमचं मत. प्रत्येक भोपळ्यावर नेमकी हीच क्रिया होते. जोडणीतून निघणारा अर्थ खरा आहे, फक्त वेळ आखूड झालीय. शटरच्या जोडणीतून निघणारा अर्थच खोटा होता. मात्र शेवटी बाजूला ठेवलेला तानपुरा ‘हाच तो भोपळा’ असं निवेदन वा मजकूर कुठेही म्हणणार नाही.

२ जुलै

मुलाखतीचा आवाज. निम्मी मुलाखत पावसात झालीय, वर पत्रा. वाक्यं पुढे-मागे केली की पावसाचा जोर वाक्याच्या मध्येच बदलतो. शब्द अखंड वाटतात पण आभाळ उड्या मारतं. नॉइज रिडक्शनने पत्र्यावरचा पाऊस जात नाही. तो एका पट्टीतला गुणगुणाट नसून सगळ्या वारंवारितांवर पसरलेला असतो, जोर लावून काढला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो.

उलट केलं. पावसाचा चार मिनिटांचा सलग अँबियन्स (नुसता भोवतालचा आवाज) त्याच खोलीतला आहे, तो सगळ्या मुलाखतीखाली अंथरला, सर्वांत जोराच्या तुकड्याच्या पातळीला जवळपास. हलक्या तुकड्यांत तो खड्डे भरतो. मुलाखत सुरू होण्याआधी अडीच सेकंद पाऊस ऐकू येऊ लागतो, आणि तेव्हा चित्रात अजून वाळत घातलेले भोपळे उन्हात आहेत. आवाज आधी, चित्र मागून. ऊन आणि पाऊस असे शेजारी आले की ‘काही महिने गेले’ हे न सांगता कळतं. मजकुराची पाटी काढून टाकली.

आगगाडीची शिट्टी. मिरज जंक्शन जवळ, त्यामुळे जागोजागी. नियम केला: शिट्टी ठेवायची तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. अर्धी तुटलेली शिट्टी म्हणजे कटची जाहिरात.

५ जुलै

पार्श्वसंगीताचा वाद मिटला. वाद्याची फिल्म म्हणून सतारीचा एखादा तुकडा सुरुवातीपासून खाली सोडावा, असा आग्रह होता. लावून पाहिला. दोन मिनिटांत कारखाना पर्यटनाच्या जाहिरातीसारखा दिसू लागला. आणि मुख्य म्हणजे तारेचा झंकार १६ मिनिटं कानात भरून राहिल्यावर शेवटी जवारी जमते तेव्हा प्रेक्षकाला काहीच नवीन ऐकू येत नाही. ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप, तो आपणच आधी वाटून टाकलेला असतो.

शांताराम बापूंच्या कुंकूमध्ये (१९३७) पार्श्वसंगीत नाही, घरातले-रस्त्यातले आवाजच आहेत, आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ त्यामुळे किती मोठं होतं ते बघावं. संगीत असतं तर ते नुसतं घड्याळ राहिलं असतं.

ठरलं ते असं: १६ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत सुरात लागलेली तार एकदाही ऐकवायची नाही. लाकूड, कानस, भोपळा खरवडण्याचा पोकळ आवाज, पाऊस, गाडी, बोलणं. तार येते ती बेसूर, बंद, थबकलेली. नक्षी करताना मागे रेडिओवर गाणं लागलंय तो शॉटही गेला. शॉट सुंदर होता.

९ जुलै

जवारीचा प्रसंग, आवाजाच्या अंगाने. सगळ्यात किचकट काम.

चार तारांचा एक फेरा, पंचम, जोडीचे दोन षड्ज, खरज, इथे साधारण साडेचार सेकंदांचा आहे. चित्राचा कट या फेऱ्यात कुठे पडावा? तार छेडण्याच्या क्षणावर कट मारला की प्रत्येक छेड टाळीसारखी वाजते, तानपुरा तालवाद्य होतो. दोन फेऱ्यांच्या सांध्यावर मारला की प्रत्येक शॉट म्हणजे एक कप्पा. खरजाची तार छेडल्यानंतर सुमारे वीस फ्रेमनी, तिचा नाद फुलून वरचे स्वर दिसू लागतात तिथे कट टाकला तर तो कळतच नाही. प्रसंगातले सगळे कट तिथेच टाकले, एक सोडून. तो एक जिथे दोरा जागेवर बसतो: तिथे कट मुद्दाम छेडीच्या अगदी आधी, म्हणजे नव्या शॉटमधला पहिला आवाजच खुल्या जवारीचा.

आता सुराची भानगड. तानपुरा काळी एकमध्ये लावलाय, म्हणजे षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ. पण तासाभराच्या चित्रीकरणात नव्या तारा ताणल्या जातात, पावसाळी हवेत लाकूड फुगतं, मणी सरकवून पुन्हा जुळवणी होते. दोन टेकमध्ये १५ सेंटचा फरक निघाला. सेमीटोनचे शंभर सेंट, तेव्हा हा फरक सुटा ऐकला तर सामान्य कानाला लागणार नाही. पण दोन टेकच्या सांध्यावर नेहमीसारखा क्रॉसफेड दिला की दोन्ही षड्ज क्षणभर एकत्र वाजतात. १५ सेंट म्हणजे इथे सुमारे १.२ हर्ट्झ, म्हणून पाऊण-एक सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. पाचव्या स्वरांशावर (मूळ स्वराच्या पाचपट वारंवारितेवर) तोच फरक पाचपट होतो, ६ हर्ट्झचा थरथराट. आणि जवारीचं वैशिष्ट्यच हे की ती वरचे स्वरांश उघडते! वाद्य जितकं चांगलं, तितका क्रॉसफेड वाईट.

उपाय तीन करून पाहिले. एका टेकचा सूर १५ सेंट सरकवणं: षड्ज जुळतो, पण घोडीवरची ती बारीक झणझण प्लास्टिकची होते, आमच्या कानाला ७-८ सेंटपर्यंतच चालतं. क्रॉसफेडऐवजी सरळ कट: हेलकावा जातो, पण रेंगाळणारा नाद कापला गेल्याचं भोक ऐकू येतं. तिसरा जमला: संपूर्ण प्रसंगाला एकाच टेकचा सलग आवाज, चित्र मात्र वेगवेगळ्या टेकचं. ज्या शॉटमध्ये बोट आणि तार एकत्र दिसतात तेवढेच सिंकमध्ये बसवायचे. चेहरा, दोरा, घोडी यांना सिंकची सक्ती नाही. बोटाचे शॉट दोनच ठेवले. तिथे छेड फ्रेमला फ्रेम बसवली. आवाज चित्राच्या पुढे गेला तर लगेच खटकतं, एखादी फ्रेम मागे राहिला तर खपून जातं.

जवारीच्या शेऱ्यांचा आज उपयोग झाला. सलग टेक ‘खुली’चा, म्हणून ‘अर्धी’ शेऱ्याची सगळी चित्रं या प्रसंगातून आपोआप बाद.

१० जुलै

फेरा लूप करून लांबवता येईल का? नाही. तिसऱ्या आवर्तनाला कान पकडतो.

१६ जुलै

रफ कट २६ मिनिटांचा. दोन गटांना वेगवेगळा दाखवला. एका गटाला २१४ चा ऐकण्याचा क्रम, दुसऱ्याला गिऱ्हाइकाचा. प्रश्न एकच विचारला: या माणसाच्या मनात काय चाललंय? दुसऱ्या गटात हळवी उत्तरं आली, पहिल्यात जवळपास सगळे म्हणाले, ‘अजून मनासारखं लागलं नाही’. एक गृहस्थ म्हणाले, ‘चेहऱ्यावरून कळतं, बिघडलंय काहीतरी’. म्हणजे अर्थ पोचला, पण थोडा भीतीकडे झुकून. शेवटचा दोऱ्याचा शॉट दोन सेकंद लांबवला, सरकणं पूर्ण दिसू दिलं. भीती गेली.

दोन्ही गट दांडीच्या भागात चुळबुळले. तिथले चार मिनिटांचे दोन केले. फारसं हळहळण्यासारखं नाही.

चाचांना फक्त जवारीचा प्रसंग दाखवला. त्यांचं म्हणणं: दोरा सरकवण्याचे शॉट दोन आहेत, दोघांत दोरा वेगळ्या रंगाचा आहे. पाहिलं तर एक पांढरा, एक पिवळसर. आमच्यापैकी कुणाच्याही नजरेला आलं नव्हतं. पिवळसर काढला.

२१ जुलै

शेवट. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभेचं चित्रीकरण हाताशी आहे; अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने चालत आलेली सभा, मिरजेच्या तानपुऱ्याला याहून योग्य जागा नाही. सोपा शेवट असा: चाचांच्या हातातला तयार तानपुरा, कट, सभेतला तानपुरा, कट, टाळ्या, कट, चाचांचा चेहरा.

यात तीन दावे आहेत आणि तिन्ही संकलनाने केलेले. सभेतलं वाद्य हेच; चाचा तिथे होते; टाळ्या त्यांच्यासाठी. उरूस चित्रीकरणाच्या आधीचा आहे, वाद्य तेव्हा तयारच झालं नव्हतं. सभेतल्या तानपुऱ्याच्या तबकडीवरची नक्षीही निराळी. नक्षी चौकटीबाहेर ठेवून फक्त खुंट्या आणि बोटं दाखवली तर कुणाला कळणार नाही, पण तो निव्वळ डाव झाला.

उपाय रशेसमध्येच मिळाला. सभेआधीचा एक वाइड, स्टेजवर चार तानपुरे ओळीने टेकवलेले, लोक सतरंज्या अंथरतायत. सभा त्या शॉटने सुरू करायची. चार दिसले की ‘तो हाच’ हा अर्थ गळून पडतो आणि ‘अशी वाद्यं इथून जातात’ हा उरतो. दोन स्थळांच्या मध्ये गल्लीचा पहाटेचा शॉट, पाच सेकंद, म्हणजे काळही तुटतो. टाळ्या काढल्या. सभेतलं जुळवणीचं चाळीस सेकंदांचं चित्र राहिलं, गाणं सुरू होण्याआधीच फिल्म संपते. एरवी उरुसाचे शॉट फार देखणे आहेत, पण ती दुसरी फिल्म.

२६ जुलै

पिक्चर लॉक, म्हणजे चित्राचे कट पक्के. २२ मिनिटं ० सेकंद, श्रेयनामावलीसह.

३० जुलै

मिक्स आणि निर्यात.

वाहिन्यांसाठी प्रत उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी जोराचं माप). मुलाखतीच्या पातळीला जवारीचा प्रसंग आणला तर तो अंगावर येतो, कारण सलग नादात श्वास घ्यायला जागा नसते. तो थोडा खाली ठेवला आणि त्याच्या आधी खोलीचा नुसता आवाज तीन सेकंद. पूर्ण शांतता नको. डिजिटल शून्य आलं की लोक स्पीकर बंद पडला का ते बघतात.

सबटायटल मराठी आणि इंग्रजी. मराठीला एका ओळीत ३६ अक्षरांपर्यंत, दोनच ओळी, आणि ओळ शक्यतो कटच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. गेली तर डोळा नव्या शॉटमध्ये आधी खाली जातो आणि चेहरा चुकतो. २१४ च्या नऊ सेकंदांवर सबटायटल नाही. त्याआधीचं वाक्य एक शॉट मागे ओढलं.

महोत्सवांना डीसीपी (चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत) पाठवताना २५ फ्रेमचीच पाठवायची, आणि तसं पत्रात लिहायचं. काही ठिकाणी परस्पर २४ ची करून घेतात. त्यात फिल्म चार टक्के हळू होते, २२ मिनिटांची २२ मिनिटं ५५ सेकंद. चित्रात कुणाला कळत नाही. पण आवाजही सोबत हळू केला तर सूर सुमारे ७० सेंट उतरतो: १३८.६ चा षड्ज १३३ वर येतो, धड काळी एक नाही, धड पांढरी एक नाही. आणि सूर राखून वेळ ताणणारं सॉफ्टवेअर लावलं तर जवारीची झणझण विरघळते. २४ ची प्रत मागितलीच तर ती इथूनच करून द्यायची: चित्र २४ वर, आणि जवारीच्या प्रसंगाचा आवाज ताणलेला नाही, मूळ सलग टेकवरून पुन्हा बसवलेला. तो टेक सव्वासहा मिनिटांचा आहे, वाढीव सेकंद त्यातून निघतात. त्यासाठी प्रोजेक्ट फाइल, सलग टेक आणि सिंकचे दोन बोटांचे शॉट वेगळ्या फोल्डरमध्ये, तिन्ही डिस्कवर.

उरलेलं काम: इंग्रजी सबटायटलमध्ये ‘घोडी’ आणि ‘जवारी’ तसेच ठेवलेत का ते एकदा तपासणे, पोस्टरसाठी स्थिरचित्र निवडणे (२१४ नको).